सुधारित खापर

"ज्याला अणू समजला, त्याला चूल समजायला असा कितीसा वेळ लागतो गं?"

प्रा. प्रेमराज भदाणे यांनी हे वाक्य एका मंगळवारी सकाळी, तोंडात टूथब्रश असताना, बायकोला ऐकवलं. ज्योत्स्नावहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"मग तुमच्या नाकासमोर दूध उतू गेलंय, तेवढं पुसून घ्या," त्या म्हणाल्या.

आता वहिनींना सरांची योग्यता कळत नव्हती, असं नाही. धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी कपाशी आणि मधोमध कमान, असं एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे सर एकोणीस वर्षं मटेरियल सायन्स शिकवत होते. एकोणीस वर्षं एकच तपकिरी फाइल! तिच्यातली पानं पिवळी पडून आता कडांनी कुरकुरीत झाली होती. समासात लाल पेनाने जागोजागी लिहिलेलं होतं, '(येथे विनोद)', आणि त्याखाली, '(हशा ओसरू द्यावा)'. या नोट्सच्या झेरॉक्स सीनियर पोरांकडून ज्युनिअर पोरांकडे समासासकट जात. त्यामुळे वर्ग इतका तयार झालेला, की सरांनी विनोद सांगायच्या आधीच पोरं हसून मोकळी व्हायची.

सरांच्या लेखी जगात चारच जाती होत्या. धातू, सिरॅमिक, पॉलिमर आणि कंपोझिट. घरात तवा धातू, लोणच्याची बरणी सिरॅमिक, डबा पॉलिमर आणि सासरे कंपोझिट. सासरे कंपोझिट का, तर बाहेरून एक आणि आतून भलतंच. अणूंचे बंध समजावताना तर सरांना असा काही चेव यायचा!

"आयनिक बंध म्हणजे काय? एक अणू इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो, आणि मग दोघं एकमेकांना चिकटून बसतात ते सुटत नाहीत. म्हणजे आपलं लग्नच की!"

"देतं कोण त्यात?" वहिनी विचारायच्या.

"तो भाग अभ्यासक्रमात नाही."

कोव्हॅलंट म्हणजे दोन भावांत एक ट्रॅक्टर, दोघांनी मिळून वापरायचा. धातूचा बंध म्हणजे लग्नघर. तिथे इलेक्ट्रॉन कोणा एकाचे नसतात, पाहुण्यांसारखे या खोलीतून त्या खोलीत मोकाट फिरतात. म्हणून धातूतून वीज जाते, उष्णता धावते. आणि सगळ्यात लेचापेचा तो व्हॅन डर वाल्स बंध. म्हणजे रोज सकाळी येणारे गुड मॉर्निंगचे मेसेज.

सांगायला हे झकास होतं. अडचण एकच होती. एकोणीस वर्षांत सरांनी कुठल्याही पदार्थाला हात लावून काही करून पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेत सळई ओढून तोडायचं मोठं मशीन होतं. उद्घाटनाचं कुंकवाचं स्वस्तिक त्याच्यावर अजून शाबूत होतं आणि प्लॅस्टिकचं वेष्टणही. उद्घाटनाला नारळ फुटला, तेवढीच काय ती त्या प्रयोगशाळेत आजवर झालेली मोडतोडीची चाचणी!

तर त्या मंगळवारी दूध पुसून सर कॉलेजात पोचले, तोच प्राचार्यांचं बोलावणं आलं.

प्राचार्य रुपचंद सर टेबलावर कागद पसरून बसले होते. "भदाणे, तुमच्या विभागात जागा साठ, प्रवेश नऊ. त्यातले दोन चुकून आलेत, त्यांना कॉम्प्युटर हवं होतं. येत्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय. त्यांनी नाक मुरडलं, तर विभाग बंद!"

"मग माझं काय सर?"

"साक्रीच्या आपल्या वसतिगृहाला रेक्टर हवाय."

 साक्रीबद्दल सरांची तक्रार नव्हती, गाव चांगलं आहे. पण रेक्टर? कोणाची बादली कोणी नेली आणि कोणाचा टॉवेल कोणी पळवला, हे सोडवत उरलेली बारा वर्षं काढायची? फळा नाही, खडू नाही, समोर हसणारी पोरं नाहीत! विनोद सांगायचा तर कोणाला, वॉचमनला? सरांना शिकवायला मनापासून आवडायचं हो. नोट्स जुन्या असतील, पण आवड खरी होती. त्यांचे डोळे पाणावले.

"रडू नका," प्राचार्य म्हणाले. "फॉर्म बघा. 'स्थानिक ज्ञान', वीस गुण. आपल्याकडे शून्य. सुचतंय का काही?"

संकटात माणसाला लहानपणचं आठवतं म्हणतात. सरांना आखाजीचा सण आठवला, आमरस आठवला, आणि ओसरीवरच्या चुलीवर पालथं घातलेलं काळंभोर मातीचं खापर आठवलं. त्याच्यावर फुईच्या, म्हणजे आत्याच्या, हातून अलगद पडणारा, रुमालासारखा पातळ, पुरणाचा मांडा!

"सर, खापर!" ते ओरडले.

"कोणावर फोडायचं?"

"फोडायचं नाही सर, दाखवायचं! खापर म्हणजे भाजलेली माती. म्हणजे सिरॅमिक! आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर मांडे करतात. हे मटेरियल सायन्स नाही तर काय आहे? माझी फुई करून दाखवेल, मी विज्ञान सांगेन, समिती जेवेल!"

शेवटचा शब्द प्राचार्यांना एकदम पटला. संध्याकाळपर्यंत त्यांनी अहवालात टाइप करूनही टाकलं, 'विभागात खापर संशोधन केंद्र सन २०१९पासून कार्यरत आहे.' रात्रीत पाटी रंगवून झाली. केंद्रात खापर तेवढं नव्हतं.

झुंबरबाई ही सरांची फुई, वडिलांची थोरली बहीण. राहायला शिंदखेड्याला. वय पंच्याहत्तरच्या आसपास, आवाज मात्र पंचविशीतला. पंचक्रोशीत कोणाकडे मांडे असले, की आधी झुंबरबाईची तारीख घ्यायची आणि मग लग्नाची, अशी तिची ख्याती. सर रविवारी गेले तेव्हा ती कुंभाराच्या अंगणात बसून शेजारणीसाठी खापर निवडत होती. एकेक खापर उचलायची, डाव्या हातावर तोलायची, कानाजवळ न्यायची आणि बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची. टक टक! बाजूला. टक टक! हेही बाजूला. तिसरं टण्णकन वाजलं. ते तिने मांडीवर घेतलं.

"फुई, हे काय चाललंय?"

"वाजाडी दखस, भो. आवाज उना, का पक्कं शे. नही उना, का मझार कच्चं शे. कच्चं इस्तोवर ठेवं, का तडकनंच!" वाजाडी दखस म्हणजे वाजवून बघते, मझार म्हणजे आत आणि इस्तो म्हणजे विस्तव.

सरांना राहवेना. त्यांनी तिथेच, कुंभाराच्या अंगणात, फाइल नसताना तास सुरू केला. "फुई, तडकतं त्याचं कारण मी सांगतो. मातीत आयनिक आणि कोव्हॅलंट बंध असतात. अणू जागचा हलत नाही. एकदा भेग पडली, की ती थांबतच नाही, आरपार जाते. धातूचं तसं नाही. धातू वाकेल, पण फुटणार नाही. आणि त्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून उष्णता झरकन पोचते."

झुंबरबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुंभाराने तर हातातलं काम थांबवलं.

"तुनं बठ्ठं बरोबर व्हई रे भो," ती म्हणाली. "पन पोळी कोन भाजस? तुना त्या फिरणारा?"

यायला ती कबूल झाली. गोष्ट इथेच थांबली असती, तर विभाग वाचला असता, समिती जेवली असती आणि मला हे सांगत बसायची वेळच आली नसती. पण सोमवारी प्राचार्यांनी फॉर्मचं पान उलटलं.

"भदाणे, पुढचा रकाना बघा. 'नावीन्य', वीस गुण! खापर ही परंपरा झाली. त्यात तुम्ही केलं काय? सुधारणा काय?"

इथे दुसरा कोणी म्हणाला असता, 'फुईच्या खापरात मी काय डोंबल सुधारणा करणार?' पण प्रेमराज सरांच्या डोक्यात रविवारचा तास अजून ताजा होता. ते खुर्चीतून उठलेच! "सर, धातूचं खापर! माती फुटते, धातू फुटत नाही. माती हळू तापते. अ‍ॅल्युमिनियम तिच्या दोनशेपट वेगाने उष्णता नेतं! मांडा क्षणात तयार! 'सुधारित खापर'!"

प्राचार्यांनी तिथल्या तिथे 'पेटंटची प्रक्रिया सुरू' असं लिहून टाकलं.

सर जळगावला गेले. एमआयडीसीत नीलेश नावाचा एक फॅब्रिकेटर होता, पत्रा गोल फिरवून घुमट काढून देणारा. त्याने विचारलं, "सर, जाडी किती ठेवू? भट्टीवर ठेवायचंय म्हणता, तर जरा जाड..."

"पातळ! जितकं पातळ तितकी उष्णता लवकर," सर म्हणाले. "मी हा विषय शिकवतो."

नीलेशने खांदे उडवले. चार दिवसांत त्याने असं लखलखीत खापर करून दिलं, की सरांना त्यात भांग पाडता आला. वहिनींनी ते पाहिलं, हातात घेऊन तोललं आणि एवढंच विचारलं, "फुईंना दाखवलंत का?"

"फुईंना काय दाखवायचं? त्या आल्या, की त्यांना चकितच करायचं!"

आणि समितीचा दिवस उजाडला.

कॉलेजात नुसती धावपळ! कुंड्या भाड्याने आणलेल्या. ग्रंथालयात पोरं दोन तासांपासून एकच पान उघडून बसलेली. सगळ्यांची रंगीत तालीमही झाली होती. आगीची घंटा वाजली, की रांगेने मैदानात यायचं, ही एक. आणि समिती इमारतीतून बाहेर आली, की टाळ्या वाजवायच्या, ही दुसरी. दोन्ही तालमी पोरांनी मन लावून केल्या होत्या.

समितीच्या अध्यक्ष डॉ. कामिनी या मटेरियल सायन्समधल्याच नावाजलेल्या बाई निघाल्या. उंच, पांढरे केस, बोलणं मोजकं. सोबत दोन सदस्य होते, त्यांचं लक्ष जेवणाच्या वेळेकडे. सळई तोडायच्या मशीनपाशी बाई थांबल्या.

"हे चालतं का?"

"चालतं मॅडम! जपून वापरतो," सर म्हणाले.

बाईंनी स्वस्तिकाकडे पाहिलं, वेष्टणाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं. सरांच्या डोळ्यांसमोर साक्रीची बस उभी राहिली. आता सगळी मदार खापरावर!

प्रात्यक्षिक वर्कशॉपच्या लोहारकामाच्या शेडमध्ये ठेवलं होतं. झुंबरबाई सकाळच्या एसटीने आली होती. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं स्वतःचं खापर. सरांनी तिला न्यायला गाडी पाठवतो म्हटलं, तर 'गाडीमा हिंदकाळा बसतस' म्हणून तिने ते एसटीत, तान्ह्या बाळासारखं धरून आणलेलं. परातीत कणीक तिंबून लोण्यासारखी मऊ केली होती. पाट्यावर वाटलेल्या पुरणाचा वास तर असा सुटला होता, की सदस्यांनी नमुन्यांचं कपाट पाहायचं रद्द केलं.

"चूल कोठे शे?" झुंबरबाईने विचारलं.

"चूल नाही फुई. भट्टी!" सरांनी लोहाराच्या भट्टीकडे हात केला. दगडी कोळसा, त्याला विजेचा पंखा. पंख्यापाशी वर्कशॉपचे जुने कारागीर पुनाभाऊ उभे होते, निवृत्तीला तीन महिने उरलेले. मग सरांनी रुमाल ओढला आणि लखलखीत सुधारित खापर समितीसमोर आणलं. झुंबरबाईने ते पाहिलं. हात लांब करून बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. देवळातल्या घंटेसारखं वाजलं ते!

"बघा, किती वाजतंय!" सर खुलले.

"वाजस रे भो. पन हाई खापर नही शे, हाई घंटा शे," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेऊन बसून राहिली. "माले यावर जमाव नही. तूच कर."

समिती समोर उभी. प्राचार्य मागून कोपर मारताहेत. करणार काय? सरांनी कोटाच्या बाह्या सारल्या. अणू समजलेल्या माणसाला मांडा काय अवघड! त्यांनी पुरण भरलेला गोळा घेतला आणि फुईसारखा दोन्ही हातांवर फिरवायला लागले. फुईच्या हातावर मांडा कोपरापर्यंत गोल गोल पसरतो. सरांच्या हातावर तो ओल्या सदऱ्याच्या बाहीसारखा खाली लोंबला. एक टोक खिशातल्या पेनात अडकलं. तशाच अवस्थेत सरांनी तो खापरावर फेकला.

चर्र! पाच आकडे मोजून होत नाहीत, तोवर मधला भाग कोळसा! कडा कच्च्या, मध्ये भोक आणि त्यातून जळका गूळ.

"हा जळाला नाही मॅडम," प्राचार्य पुढे झाले. "याला हीट ट्रीटमेंट म्हणतात. आमचा विभाग त्यात अग्रेसर आहे."

 डॉ. कामिनींनी पुन्हा वहीत टिपलं.

"भो, इस्तो कमी कर!" झुंबरबाई म्हणाली. दुसऱ्या मांड्याची गतही तीच झाली, फक्त या वेळी तो चिकटूनही बसला. सरांनी घाम पुसला आणि पुनाभाऊंना पंखा बंद करायची खूण करायला हात वर केला. पण प्राचार्यांनी तो हात मध्येच धरला.

"अहो, साडेतीनला समितीची जळगावहून गाडी आहे! अजून जेवण बाकी! वेग वाढवा!"

"सर, पण..."

"साक्री!" प्राचार्य कानात पुटपुटले.

सरांच्या तोंडून 'वाढवा' निघून गेलं. पुनाभाऊंनी सरांकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं. "सर, लोखंड लाल होतं हां याच्यात," ते म्हणाले. सरांनी मान हलवली. पुनाभाऊंनी पंख्याचा खटका पूर्ण फिरवला.

तिसरा मांडा पडला. आणि समितीच्या डोळ्यांदेखत सुधारित खापराच्या डोक्याला खळगा पडला! आधी वाटीएवढा. मग परातीएवढा. घुमट हळूहळू स्वतःच्या पोटात बसायला लागला. पालथं घातलेलं खापर बघता बघता सुलटं झालं! मांडा तळाशी, त्याच्यावर उकळतं पुरण, आणि मग त्या तळालाच भोक पडून अख्खा ऐवज धगधगत्या कोळशावर!

पुढचं सगळं एकदम झालं. भसकन ज्वाळा उठली. गुळाच्या काळ्याकुट्ट धुराने शेड भरली. समितीला दाखवण्यासाठी आदल्याच आठवड्यात बसवलेली आगीची घंटा, कोणाला अपेक्षा नसताना, खरोखर वाजली! प्राचार्यांनी भिंतीवरचं विझवायचं नळकांडं काढलं, त्यातून एक पाल बाहेर पडली. पुनाभाऊंनी पंखा बंद करून बादलीभर वाळू ओतली म्हणून निभावलं. तिकडे दोनशे पोरं तालमीप्रमाणे शिस्तीत रांगेने मैदानात आली. तेवढ्यात खोकत, डोळे चोळत, तोंडं काळी झालेली समिती शेडमधून बाहेर पडली. समिती बाहेर आली, की काय करायचं, हे पोरांना पाठ होतं.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला!

प्रेमराज सर शेडच्या दाराशी उभे होते. कोटावर पुरण, भुवया अर्ध्या. टाळ्या थांबेनात. सरांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. एकोणीस वर्षं त्यांना वर्गात हशा मिळाला होता, पण आज पहिल्यांदाच त्यांचं खरोखर हसं झालं होतं.

डॉ. कामिनी चष्मा पुसत त्यांच्यासमोर आल्या.

"सर, अ‍ॅल्युमिनियम किती अंशांना वितळतं?"

"सहाशे साठ, मॅडम." हा प्रश्न सर दरवर्षी परीक्षेत घालायचे. दोन गुणांना.

"आणि लोहाराची भट्टी?"

"हजाराच्या वर जाते."

"मग?"

सरांनी फाइल आठवून पाहिली. समास आठवून पाहिला. तिथे काही नव्हतं. "मॅडम, सहाशे साठ पान सेहेचाळीसवर आहे आणि भट्टी पान एकशे बारावर," ते खाली मान घालून म्हणाले. "दोन्ही पानं एका दिवशी कधी उघडलीच नाहीत हो मी."

 प्राचार्यांनी कपाळावर हात मारला.

एवढ्यात शेडमागून धुराचा वेगळाच, गोडसर वास आला. सगळा गोंधळ चालू असताना झुंबरबाईने मागच्या बाभळीखाली तीन विटा मांडल्या होत्या, सुकी काटकं पेटवली होती आणि आपलं खापर पालथं घातलं होतं. कोणाची वाट न पाहता! तिच्या दृष्टीने पाहुणे आले होते आणि पाहुणे उपाशी होते. बाकी काय झालं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. समिती वासामागे निघाली. सरही निघाले.

मांडा तिच्या हातांवर गरगरला, कोपरापर्यंत पसरला आणि हवेत क्षणभर राहून खापरावर असा उतरला, की सुरकुती नाही. वर हलके सोनेरी डाग उठले. तिने तो हातानेच घडी घालून पानात ठेवला, वर तुपाची धार.

"आजी, हा का नाही जळत?" डॉ. कामिनी उकिडव्या बसल्या.

"माटी धीरे धीरे ऊन लेस आनि धीरे धीरे देस, बाई. तिले घाई नही शे," झुंबरबाई म्हणाली. "तिना आंगमा बारीक बारीक भोकं शेतस. मांडानं पानी ती पी लेस. पन तिले एकदम तपाडानं नही, नही ते तडकस. पहिले हलका इस्तो, मंग मोठा. आनि नवं खापर लेतांना वाजाडी दखानं. मझार चीर व्हई, ते आवाज फुटका येस."

डॉ. कामिनींचं पेन आता थांबेना. "उष्णतावहन, सच्छिद्रता, थर्मल शॉक," त्या पुटपुटत होत्या, "आणि ही तर चक्क न मोडता केलेली चाचणी! भदाणे सर, हे सगळं तुम्ही शिकवता ना?"

"शिकवतो मॅडम," सर म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, ते फुईच्या शेजारी मातीत बसले. "पण मला हे आज कळलं."

ते खरं बोलले होते, आणि समितीसमोर त्या दिवसभरात कॉलेजातून निघालेलं ते बहुधा एकुलतं एक खरं वाक्य होतं. बाईंनी तेही टिपलं. सदस्यांनी काही टिपलं नाही, ते चौथ्या मांड्यावर होते. साडेतीनची गाडी चुकली.

पुढचा दीड महिना सरांना झोप नव्हती. साक्रीच्या वसतिगृहात किती बादल्या आहेत, याची त्यांनी गुपचूप चौकशीही करून ठेवली. वहिनी बिचाऱ्या धीर द्यायच्या. मग एका दुपारी अहवाल आला. प्राचार्यांनी तो उभ्याने वाचला, बसून वाचला आणि सरांना मिठीच मारली.

विभाग वाचला होता! नावीन्य रकान्यात शून्य, पण स्थानिक ज्ञानात वीसपैकी वीस. शेवटी खास शेरा होता, 'चुकीच्या पदार्थाची निवड केल्यास काय होते, याचे प्रात्यक्षिक इतक्या प्रामाणिकपणे करून दाखवणारे महाविद्यालय आम्ही प्रथमच पाहिले.' आणि एक शिफारस होती, 'श्रीमती झुंबरबाई यांची प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे पदवीऐवजी अनुभवावर नेमलेल्या प्राध्यापक, म्हणून तातडीने नेमणूक व्हावी.'

झाली नेमणूक! आता झुंबरबाई गुरुवारी एसटीने येतात. पोरांना ओळीने मातीत बसवतात आणि प्रत्येकाच्या हातात खापर देतात. विभागात आता प्रवेश एकतीस आहेत, त्यातले चुकून आलेले दोघं हलायला तयार नाहीत. सळई तोडायच्या मशीनचं वेष्टण प्रेमराज सरांनी स्वतः, कात्रीने कापून काढलं. फाइलमध्ये पान सेहेचाळीस आणि पान एकशे बारा आता एकाच टाचणीत आहेत. वितळलेलं सुधारित खापर काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, 'पदार्थाचे अपयश: एक अभ्यास. सौजन्य: प्रा. प्रेमराज भदाणे'.

सगळं सुरळीत झालं म्हणायचं. फक्त मार्चमध्ये एक छोटी भानगड झाली. नियमाप्रमाणे प्राध्यापकाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर त्याच्याहून वरच्या पदावरच्या व्यक्तीचा शेरा लागतो. प्राचार्यांनी नियम काढून पाहिला. विभागात सरांच्या वर आता एकच व्यक्ती होती.

सर फॉर्म घेऊन बाभळीखाली गेले. "फुई, इथे दोन ओळी चांगल्या लिही. एकोणीस वर्षं झाली, आता वीस झाली..."

झुंबरबाईने चष्मा लावला. फॉर्म मांडीवर ठेवला. मग तिने सरांना वाकायला सांगितलं. सर वाकले, त्यांना वाटलं आशीर्वाद देतेय. तिने डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेराने त्यांच्या कपाळावर दोनदा ठोकलं. टक टक!

आणि ठसठशीत अक्षरात तिने शेरा लिहिला. तो आजही कॉलेजच्या दप्तरी, सही-शिक्क्यानिशी आहे.

'वाजाडी दखं. अजून कच्चं शे. पन तडकेल नही.'